मुंबईचे गवत

गिरगावच्या माणसाला चर्नी रोड कोठे आहे हे सांगणे म्हणजे पंढरपूरकराला विठोबाचे देऊळ दाखविण्यासारखे आहे. परंतु या नावामागची हकीकत मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्रजी अमदानीत सन १८२२ च्या सुमारास मुंबईच्या मैदानावर गुरे चारण्यासाठी पट्टी बसली. गरीब गवळ्यांना ती परवडेना. तेव्हा जमशेटजी जिजीभाईंनी १८३८ साली आपल्या पदरचे वीस हजार रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळची समुद्रकाठची जमीन घेतली आणि गुरांना फुकट चरण्यासाठी मोकळी केली. ती ‘चरणी’, आणि तिच्यावरून चर्नी रोड, असे सांगतात. नावाची दुसरीही एक उपपत्ती आहे आणि ती काही अभ्यासक ठाण्याच्या चेंदणीशी जोडतात. नाव कोठूनही आलेले असो, एवढे खरे की आज जेथे लोकलगाड्यांचा खडखडाट चालतो, तेथे एके काळी गुरे रवंथ करीत बसत.

पुढे शहर वाढले. समुद्र हटला, वाड्या उठल्या, चाळी उभ्या राहिल्या आणि मुंबईचे स्वतःचे गवत संपले. पण गवत खाणारी तोंडे काही संपली नव्हती. उलट ती वाढत होती. सन १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि ती १९०५ पर्यंत धावली. व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे होते, माल ओढणारे बैल होते, शेठसावकारांच्या बग्ग्या होत्या. लाखो चाकरमान्यांच्या चहात पडणारे दूध देणाऱ्या म्हशी शहरातल्याच तबेल्यांत बांधलेल्या होत्या. त्यांना बाहेर हलविण्यासाठी आरे वसाहत उभारण्याचे काम १९४९ साली सुरू झाले. या साऱ्या जनावरांना चारा हवा असे, आणि तो यायचा ठाणे जिल्ह्यातून. पूर्वी खाडीतून पडावांनी गवत येई. १८६० नंतरच्या दशकात गुजरातकडून येणारा लोहमार्ग मुंबईस मिळाल्यावर ते आगगाडीनेही येऊ लागले. तबेलेवाला भाव विचारी, वजन पाही, गवत ओले आहे की कोरडे ते हाताने चाचपी. ते कापले कोणी, एवढे मात्र विचारण्याचे त्याला कारण पडले नाही. आपल्या पणज्या-आज्यांनाही ते पडले नसावे.

ते विचारले असते तर उत्तरासाठी विरारच्याही पलीकडे, डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांत जावे लागले असते. तेथल्या डोंगरउतारांवर वारली राहत. ज्यांची भिंतीवरची पांढरी चित्रे आज मुंबईतल्या दिवाणखान्यांत आणि दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर झळकतात, तेच हे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या जमिनी एकामागून एक सावकार, जमीनदार आणि गवताचे व लाकडाचे व्यापारी यांच्या हाती गेल्या. कागदावर अंगठा उमटला, आणि कालचा मालक आज त्याच जमिनीवर कूळ झाला. खंड भरता आला नाही की तो बाकी पडे. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी घ्यावी लागे आणि ती दिढीदुपटीने फेडावी लागे.

या साऱ्यांत ‘लग्नगडी’ ही रीत सर्वांत कठोर होती. वारली तरुणाला लग्नासाठी थोडेसे पैसे लागत. ते सावकार देई. फेड म्हणून तो तरुण त्याच्याकडे राबू लागे, आणि लग्न करून आणलेली बायकोही त्याच्याबरोबर त्या घरची दासी होई. हिशेबाची वही सावकाराच्या घरी आणि अक्षर सावकाराचे. ऋण फिटले असे त्या वहीने सहसा म्हटलेच नाही. आपल्याकडे लग्नाला ‘दोनाचे चार हात’ म्हणतात. तेथे त्या चारही हातांवर सावकाराचा हक्क जडे.

लग्नगडी नसलेल्या वारल्यालाही वेठ चुकत नसे. हा ‘वेठ’ शब्द फार जुना आहे. संस्कृतातल्या ‘विष्टि’पासून तो आला, आणि त्याला फारसीतला ‘बिगार’ येऊन मिळाला. राजाने वा गावच्या अधिकाऱ्याने माणसाला धरावे आणि मोबदल्यावाचून काम करून घ्यावे, हा त्याचा अर्थ. मराठी भाषेने या प्रथेची आठवण मोठ्या चमत्कारिक रीतीने जपली आहे. मन न लावता काम उरकले तर आपण ‘वेठ मारली’ म्हणतो. जणू दोष राबणाऱ्याच्या आळसाचा होता! शाळेतल्या सर्वांत खालच्या वर्गाला ‘बिगारी यत्ता’ म्हणत, आणि इमारतीवर घमेली वाहणाऱ्याला आपण अजूनही ‘बिगारी’च म्हणतो. अडवणूक करणारा ‘वेठीस धरतो’. एवढ्या एका वाक्प्रचारात मात्र धरलेल्या माणसाच्या बाजूची वेदना शिल्लक राहिली आहे.

यावर कोणी विचारील, की इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली होती ना? होय. सन १८४३ च्या पाचव्या कायद्याने माणसावरची मालकी न्यायालयांनी मानू नये असे ठरले. सन १८६० च्या दंडसंहितेत गुलामांचा व्यापार हा गुन्हा झाला, आणि कोणाला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदेशीरपणे राबविणे हाही गुन्हा झाला. पण याच दोन कायद्यांच्या मध्ये, १८५९ साली, तिसराच एक कायदा झाला होता. कामगाराने आगाऊ उचल घेतली आणि कामावर आला नाही, तर मालकाने त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे. मॅजिस्ट्रेटने काम कर असा हुकूम द्यावा. आणि तो न मानल्यास तुरुंगात पाठवावे. हा कायदा प्रथम कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठीच होता. मग तो इतरत्र लावता येऊ लागला, आणि १९२६ पर्यंत पुस्तकात राहिला. म्हणजे एका हाताने सरकारने साखळी काढली आणि दुसऱ्या हाताने दोरी दिली. त्या दोरीचे नाव ‘उचल’.

उचल घेणे म्हणजेच गुलामी, असे मात्र समजू नये. लालबाग-परळच्या गिरणीकामगाराच्या डोक्यावर कर्ज काय थोडे होते? नोकरी लावून देणाऱ्या जॉबरला दस्तुरी द्यावी लागे, वाण्याची उधारी असे, आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी पठाण सोटा घेऊन उभा असे. त्यात पगारही महिना उलटून बराच काळ गेल्यावर मिळे. तोवर पोट उधारीवर. ही स्थिती ओळखूनच १९३६ चा पगारवाटपाचा कायदा झाला आणि महिना संपल्यावर सात किंवा दहा दिवसांच्या आत पगार देण्याचे बंधन कारखान्यांवर आले. कर्जबाजारी गिरणीकामगार दीनवाणा खराच; पण तो एक गिरणी सोडून दुसरीत जाऊ शके, संप करू शके, आणि अगदीच न जमले तर कोकणात आपल्या घरी परतू शके. लग्नगड्याला घर सोडता येत नव्हते, कारण सोडून जाण्याचा हक्कच त्याने उचलीच्या पैशात गहाण टाकलेला होता. कर्ज आणि गुलामी यांच्यामधली सीमारेषा नेमकी येथे आहे. माणसाच्या अंगावर किती रुपये आहेत याने काही ठरत नाही. तो काम सोडून जाऊ शकतो की नाही, याने ठरते.

सरकारला हे ठाऊक नव्हते असेही नाही. मुंबई इलाख्यात १९३७ साली लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे आदिवासी भागांची पाहणी सोपविण्यात आली. त्याचा अहवाल १९३९ साली छापून निघाला. जमीनदार कुळांना हवे तेव्हा कामाला बोलावतात, नकार दिला तर मारतात, आणि मोबदला फार तर दिवसाला एक आणा. पुष्कळदा तोही नाही, एका माणसाच्या एका जेवणाला जेमतेम पुरतील एवढे तांदूळ, असे त्याने लिहून ठेवले. लग्नगड्यांचीही त्याने नोंद केली. सरकारी भाषेत एवढे स्पष्ट लिहिणे धैर्याचे होते. पण अहवाल फडताळात राहिला आणि वारली रानात राहिला. दोघांची गाठ पडली नाही.

गाठ पडली ती दुसरीकडून. पुण्याच्या गोखल्यांची मुलगी गोदावरी कायद्याची पदवी घेऊन भारत सेवक समाजाची पहिली स्त्री-सभासद झाली. पुढे शामराव परुळेकरांशी विवाह करून ती त्यांच्यासह कम्युनिस्ट पक्षात आणि किसान सभेत काम करू लागली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची परिषद भरली. तेथे उंबरगाव तालुक्यातले काही थोडे वारली आले, आणि आपले हाल त्यांनी आपल्या बोलीत सांगितले. मग मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांचीच परिषद झाली आणि तिला हजारो माणसे जमली. वेठ करायची नाही; लग्नगडी म्हणून राहायचे नाही; रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही: ठराव असे साधेच होते. पण माणसे घरी परतली ती ठराव अमलात आणीतच. जथे गावोगाव फिरले, लग्नगड्यांना भेटून ‘आता तुम्ही मोकळे’ म्हणून सांगू लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ती रीत काही आठवड्यांत मोडली. या साऱ्याची हकीकत गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली निघाले आणि त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पुष्कळ घरांच्या कपाटांत ते अजून असेल.

पावसाळा सरला आणि गवतकापणीचा हंगाम आला. येथे मुंबईचा संबंध पुन्हा येतो. वारल्यांनी गवत कापण्याचा दर मागितला: पाचशे पौंडांना अडीच रुपये. आजच्या मापाने पाचशे पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे. साडेबारा पौंड गवत कापावे तेव्हा एक आणा मिळणार, एवढीच ती मागणी होती. तरी जमीनदार आणि व्यापारी बिथरले. संप सुरू झाला. उभे गवत रानात वाळू लागले. ऑक्टोबर १९४५, नवरात्राचे दिवस. जमीनदारांच्या माणसांनी अफवा पसरविली की तलवाड्याला सभा आहे, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, सर्वांनी यावे. हजारो वारली लाल बावट्याभोवती जमून बसले. पोलीस आले आणि त्यांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चौघे पडले. लोक तरी पांगले नाहीत, संपही मोडला नाही. अखेर ठिकठिकाणी मागितलेला दर द्यावा लागला.

त्या वर्षी मुंबईच्या तबेल्यांत जे गवत आले, त्यामागे पाच माणसांचे रक्त होते. तरी ते मागच्या वर्षीच्या गवतापेक्षा स्वच्छ होते, असे म्हणावे लागते. कारण ते कापणाऱ्याला आपण किती कापले आणि त्याचे किती मिळायचे हे ठाऊक होते. पाचशे पौंडांना अडीच रुपये हा आकडा दिसायला रूक्ष आहे. पण माप आणि दर दोन्ही उघड झाले की सावकाराच्या वहीला लपायला जागा उरत नाही. ‘आमच्यावर दया करा’ असे वारल्यांनी कोठेच म्हटले नाही. त्यांनी तराजू मागितला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना बंदी घातली. तरी उचलीची दोरी तुटायला आणखी पंचवीस वर्षे लागली. ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. नुसता माणूसच सोडविला असे नाही, तर त्याच्यावरचे कर्जही रद्द केले. आणि अमुक कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला. सन १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय याच्याही पुढे गेले. किमान वेतनाहून कमी मजुरीवर कोणी काम करतो तेव्हा त्याला भुकेनेच भाग पाडलेले असते. तेव्हा तेही सक्तीचेच श्रम होत, असे न्यायालयाने म्हटले.

त्याच साली मुंबईच्या अगदी वेशीवर, वसई तालुक्यात, श्रमजीवी संघटना स्थापन झाली. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी तेथल्या आदिवासी वेठबिगारांना मोकळे करण्याचे काम हाती घेतले. मारहाण सोसून, खटले लढवून ते चालविले, आणि १९९९ साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचे पारितोषिक त्यांना मिळाले. चर्चगेटहून सुटलेली लोकल सव्वा-दीड तासात जेथे पोचते, तेथली ही गोष्ट, आणि तीही कायदा झाल्यानंतरची.

आता मुंबईत घोडे फारसे राहिले नाहीत, तबेलेही बहुतेक गेले. पण शहराची हिरव्याची भूक काही गेली नाही; ती फक्त गॅलरीत आणि गच्चीवर जाऊन बसली. दादरला, गिरगावात, परळच्या नव्या उंच इमारतींत कुंड्या लावून देणारे, आवारातली बाग राखणारे, लग्नकार्यात फुलांची आरास करणारे छोटे व्यावसायिक पुष्कळ आहेत. त्यांच्या हाताखाली दोन-चार माळी असतात, आणि रोपे, लाल माती, शेणखत, विटा, कुंड्या, हिरवळीचे तयार तुकडे हे सारे बाहेरून येते. दादरच्या फूलबाजारात पहाटे वसई-पालघरकडचा मोगरा येतो, घाटावरचा झेंडू येतो. दसऱ्याला कर्जत-कसारा-जव्हारकडच्या आदिवासी बाया आपट्याची पाने आणि भाताच्या लोंब्या घेऊन स्टेशनबाहेर बसतात. आपला माल आपण आणून आपण विकणारी ती बाई स्वतंत्र आहे. तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये, एवढे आपण केले तरी पुरे.

काळजीची जागा दुसरी आहे. जेथे माल बनविणारा आणि विकत घेणारा यांच्यामध्ये मुकादम उभा असतो आणि मुकादमाच्या हाती उचलीची वही असते, तेथे जुने लग्नगडीपण नव्या नावाने वस्तीला येते. वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे पावसाळ्यात घेतलेल्या उचलीपायी हंगामभर राबतात, मजुरी ‘जोडी’ची धरतात, म्हणजे बाईच्या हाती वेगळा पैसा पडत नाही, आणि हंगाम संपतो तेव्हा वहीत बाकी उरलेलीच असते. सन २०२२ मध्ये इगतपुरी भागातली कातकरी मुले काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या मोबदल्यात नगर जिल्ह्याकडे मेंढ्या राखण्यासाठी दिलेली आढळली, आणि त्यावर गुन्हे नोंदविले गेले. तेव्हा हा विषय केवळ इतिहासाचा आहे असे म्हणून पान उलटता येणार नाही.

मग छोट्या बागवाल्याने काय करावे? तलवाड्याच्या गवतानेच त्याचे उत्तर दिले आहे. माल घेताना भावाबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात. कामाचे माप आणि दर आधी ठरलेला आहे का, आणि त्यातून दिवसाचे किमान वेतन पडते का? मजुरी ज्याची त्याच्या हाती, आणि बाईची बाईच्या हाती मिळते का? उचल दिली असेल तर तिचा कागद मजुराजवळही आहे का, आणि ती फिटण्याआधी त्याला काम सोडता येते का? लेकरे कामावर आहेत की शाळेत? कधीमधी रोपवाटिकेवर किंवा भट्टीवर स्वतः जाऊन यावे, आणि मालकाशी बोलतो तसे काम करणाऱ्याशीही बोलावे. एखादा पुरवठादार इतरांच्या निम्म्या भावात विटा देत असेल, तर उरलेला निम्मा भाव कोण भरतो आहे याचा विचार करावा.

स्वतःच्या घरचेही पाहावे. आपल्या माळ्याचे आधारकार्ड वा बँकेचे पुस्तक अडकवून ठेवू नये. आपण पुरवठादाराचे बिल तीन महिने थकविले तर तो मुकादमाचे थकवितो, मुकादम मजुराचे, आणि मजूर नव्या उचलीसाठी हात पसरतो. १९३६ च्या कायद्याने गिरणीमालकाला जे शिकविले, ते आपल्याला कोणी कायदा दाखविण्याआधीच शिकता येईल.

आणि वेठबिगारीचा संशय खराच निघाला तर? मुकाट्याने दुसरा पुरवठादार शोधणे सोपे असते. आपले हात स्वच्छ राहतात, पण माणूस तेथेच राहतो. तहसीलदाराला, प्रांताला किंवा जिल्हाधिकाऱ्याला कळवावे, त्या भागातल्या संघटनेला कळवावे. कायद्याने जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या सांगितल्या आहेत. माणूस मोकळा झाल्याचा दाखला मिळतो, आणि त्याबरोबर कर्जही रद्द होते. ज्याला तीन महिन्यांची मजुरी मिळाली नाही त्याला नुसते ‘जा, तू मोकळा’ म्हणून भागत नाही; त्याची बुडालेली मजुरी वसूल व्हावी म्हणूनही कोणी उभे राहावे लागते.

दिवाळीच्या चार दिवसांत दारोदार झेंडूची तोरणे लागतील. नव्या कुंडीत कोणी तुळस लावील, तर कोणी हौसेने अंगणात वारली पद्धतीची रांगोळी काढील: तारप्याच्या तालावर एकमेकांचे हात धरून नाचणारी ती पांढरी माणसे. मुलांनी विचारले की ही माणसे कोण, तर चित्रकलेबरोबर त्यांना झरीची परिषद आणि पाचशे पौंडांचा दरही सांगावा. आपल्या शहराच्या गवतासाठी कोणी तराजू मागितला होता आणि त्यापायी पाच जण गेले, हे मुंबईच्या मुलांना माहीत असलेले बरे.